रिझर्व्ह बँकेचे पतधोरण कसे वाचावे

साधारण दर दोन महिन्यांनी एकदा, सकाळी दहा वाजता, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर पतधोरण समितीचा निर्णय वाचून दाखवतात आणि पुढच्या काही मिनिटांत सगळ्या वृत्तवाहिन्यांवर एकच ओळ झळकते: रेपो दर पाव टक्क्याने उतरला, वाढला किंवा ‘जैसे थे’ राहिला. ज्यांच्या डोक्यावर गृहकर्ज आहे ते हप्ता किती कमी होईल याचा हिशेब मांडू लागतात, ज्यांचा संसार मुदत ठेवींच्या व्याजावर चालतो त्यांच्या पोटात गोळा येतो, आणि बाकीचे लोक ही बातमी आपल्या कामाची नाही असे समजून पान उलटतात. वास्तविक ती बातमी घरातल्या प्रत्येकाच्या कामाची असते, पण ती एका ओळीत मावत नाही. गव्हर्नरांचे निवेदन आणि समितीचा ठराव हे दोन्ही कागद त्याच दिवशी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर येतात. ते वाचायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. कोणता मुद्दा आधी पाहायचा, कोणता नंतर आणि त्याचा आपल्या व्यवहाराशी धागा कुठे जुळतो, एवढे ठाऊक असले की पुरते. या लेखात तो क्रम सांगितला आहे आणि उदाहरणे मुख्यतः २०२२ ते २०२५ या चार वर्षांतली घेतली आहेत, कारण या काळात व्याजदर चढलेही आणि उतरलेही.

आधी रेपो दर म्हणजे काय ते नीट समजून घ्यावे

रेपो दर हा तुमच्या कर्जाचा दर नाही आणि ठेवीचाही नाही. बँका आपल्याजवळचे सरकारी रोखे (सरकारने कर्ज उभारताना दिलेले कागद) तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून अगदी थोड्या मुदतीसाठी, पुष्कळदा एका रात्रीपुरते, पैसे घेतात. त्या पैशांवर आकारले जाणारे व्याज म्हणजे रेपो दर. एखाद्या बँकेच्या दिवसभराच्या देण्या-घेण्याचा हिशेब संध्याकाळी मिटतो तेव्हा कुणाकडे पैसे उरलेले असतात, तर कुणाला कमी पडलेले असतात. कमी पडलेली बँक उरलेल्या बँकेकडून रात्रीपुरते उसने घेते. या उसनवारीच्या बाजारात जो दर पडतो, तो आपल्या ठरवलेल्या दराच्या आसपास ठेवणे हे रिझर्व्ह बँकेचे रोजचे काम आहे.

हे काम ती कसे साधते ते पाहण्यासारखे आहे. रेपो दराच्या पाव टक्का खाली आणि पाव टक्का वर अशा दोन रेषा ती आखून ठेवते. डिसेंबर २०२५ मधल्या बैठकीत रेपो दर ५.२५ टक्के झाला, तेव्हा खालची रेषा ५ टक्क्यांवर आणि वरची ५.५० टक्क्यांवर आली. खालच्या रेषेवर बँका आपले जास्तीचे पैसे रिझर्व्ह बँकेकडेच ठेवू शकतात (ही स्थायी ठेव सुविधा एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाली), आणि वरच्या रेषेवर त्यांना निकडीच्या वेळी रोखे तारण ठेवून पैसे उचलता येतात. रिझर्व्ह बँकेकडे पैसे सुखरूप ठेवून ५ टक्के मिळत असतील, तर कोणती बँक दुसरीला साडेचार टक्क्यांनी उसने देईल? आणि साडेपाच टक्क्यांनी पैसे मिळण्याची सोय असताना कोण सहा टक्के मोजेल? त्यामुळे रात्रीच्या उसनवारीचा दर बहुतेक वेळा या दोन रेषांच्या मधेच राहतो.

म्हणजे रिझर्व्ह बँक फक्त एका रात्रीच्या पैशाची किंमत ठरवते. एक वर्षाच्या ठेवीचा, दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा, वीस वर्षांच्या गृहकर्जाचा दर बाजार आणि बँका ठरवतात, आणि तो ठरवताना येत्या काळात हा एका रात्रीचा दर कोणत्या दिशेने जाईल याचा अंदाज बांधतात. पतधोरणाचा सगळा डोलारा या अंदाजावर उभा असतो. म्हणूनच गव्हर्नरांनी आज दर किती बदलला याच्या इतकेच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्व ते उद्याविषयी काय बोलले याला असते.

वाचायला सुरुवात महागाईच्या अंदाजापासून करावी

निवेदन हाती आले की बहुतेकांची नजर रेपो दराच्या आकड्यावर जाते. माझा आग्रह असा आहे की तो आकडा क्षणभर बाजूला ठेवावा आणि आधी महागाईच्या अंदाजाचा परिच्छेद शोधावा. कायद्यानेच तसा क्रम घालून दिला आहे. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती होऊन सहा सदस्यांची पतधोरण समिती अस्तित्वात आली. तीन सदस्य बँकेचे आणि तीन केंद्र सरकारने चार वर्षांसाठी नेमलेले. मते समसमान पडली तर गव्हर्नरांचे मत निर्णायक. समितीपुढचे उद्दिष्टही लेखी आहे: ग्राहक किंमत निर्देशांकावर, म्हणजे सामान्य कुटुंब घेते त्या वस्तू आणि सेवांच्या भावांवर, आधारलेली महागाई ४ टक्क्यांवर ठेवायची, आणि ती २ टक्क्यांच्या खाली किंवा ६ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाही. विकासाचे भान ठेवायचेच आहे, पण पहिला मान भाव स्थिर ठेवण्याचा.

पाहायचे ते हे, की पुढच्या वर्षभरासाठी समितीने वर्तवलेली महागाई ४ टक्क्यांच्या वर आहे की खाली, आणि मागच्या बैठकीतल्या अंदाजापेक्षा ती सरकली कोणत्या बाजूला. २०२५-२६ या वर्षासाठीचा अंदाज एप्रिल २०२५ मध्ये ४ टक्के होता. जूनमध्ये तो ३.७, ऑगस्टमध्ये ३.१, ऑक्टोबरमध्ये २.६ आणि डिसेंबरमध्ये २ टक्के झाला. ही उतरती भाजणी ज्याने वहीत टिपून ठेवली होती, त्याला २०२५ मध्ये रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांपर्यंत का उतरला हे कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

इथे एक साधी वजाबाकी करायची सवय लावून घ्यावी. रेपो दरातून पुढच्या वर्षाची अपेक्षित महागाई वजा केली की जे उरते तो खरा व्याजदर. रेपो दर साडेसहा आणि अपेक्षित महागाई साडेचार असेल तर खरा दर दोन टक्के पडतो. उलट मे २०२२ च्या आधीचे चित्र घ्या: करोनाच्या काळात, मे २०२० मध्ये, रेपो दर ४ टक्क्यांवर आणला गेला होता आणि तो जवळजवळ दोन वर्षे तिथेच होता, पण एप्रिल २०२२ मध्ये महागाई ७.७९ टक्क्यांवर पोहोचली. खरा दर शून्याच्या पुष्कळ खाली गेला होता. कर्ज घेणाऱ्याला ते सोयीचे वाटते, परंतु त्याची किंमत ठेवीदार आणि बाजारहाट करणारी प्रत्येक व्यक्ती मोजत असते. ४ मे २०२२ रोजी समितीने वेळापत्रकाबाहेर बैठक घेऊन रेपो दर ०.४० टक्क्यांनी वाढवला, आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो टप्प्याटप्प्याने ६.५० टक्क्यांवर नेला. नऊ महिन्यांत अडीच टक्के ही वाढ सोसणाऱ्यांना फार जड गेली.

सलग तीन तिमाह्यांत सरासरी महागाई ६ टक्क्यांच्या वर किंवा २ टक्क्यांच्या खाली राहिली तर समिती अपयशी ठरली असे कायदा मानतो, आणि मग बँकेला सरकारकडे कारणे, उपाय आणि महागाई पुन्हा उद्दिष्टावर यायला लागणारा काळ हे सगळे लेखी कळवावे लागते. जानेवारी ते सप्टेंबर २०२२ या काळात हेच घडले आणि नोव्हेंबरमध्ये त्यासाठी खास बैठक झाली. तो अहवाल मात्र जनतेसमोर आला नाही. मला ही गोष्ट आजही खटकते. ज्या महागाईची झळ लोकांनी सोसली तिची कारणमीमांसा वाचण्याचा हक्क लोकांना असायला हवा.

भाजीपाल्याचा भडका आणि टिकणारी महागाई यांत फरक करावा

जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने सगळ्या स्वयंपाकघरांत धांदल उडवून दिली होती. जूनमध्ये ४.८७ टक्के असलेली महागाई एका महिन्यात ७.४४ टक्क्यांवर गेली. समितीची बैठक ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. जुलैचा आकडा तेव्हा जाहीर व्हायचा होता, पण मंडईतले भाव सगळ्यांना दिसतच होते. तरीही समितीने रेपो दर साडेसहा टक्क्यांवरच ठेवला. अनेकांना हे अनाकलनीय वाटले. महागाई ६ टक्क्यांच्या वर जाते आहे आणि बँक स्वस्थ बसते, हे कसे?

उत्तर जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावच्या टोमॅटो बाजारात उभे राहिल्यावर चटकन कळते. भाव चढला होता तो आवक घटल्यामुळे. कर्ज महाग करून आवक वाढत नाही. ज्यांनी भाव पाहून रोपे लावली त्यांचा माल दोन-अडीच महिन्यांत बाजारात येणार होता आणि भाव आपोआप उतरणार होते. तसे ते उतरलेही, आणि सप्टेंबरची महागाई ५.०२ टक्क्यांवर आली. रेपो दराचा परिणाम महागाईवर पूर्णपणे दिसायला साधारण तीन-चार तिमाह्या लागतात. म्हणजे ऑगस्टमध्ये दर वाढवला असता तर त्याचा फटका पुढच्या वर्षी, टोमॅटो स्वस्त झालेला असताना, कारखाने आणि घरबांधणी यांना बसला असता.

म्हणून निवेदनात महागाईचा एकच आकडा पाहून थांबू नये. अन्नधान्य आणि इंधन वगळून काढलेली महागाई, जिला गाभा महागाई म्हणतात, ती किती आहे ते पाहावे. घरभाडे, शाळेची फी, औषधोपचार, कपडे, प्रवास अशा गोष्टींचे भाव त्यात येतात, आणि ते एकदा चढले की सहसा उतरत नाहीत. गाभा महागाई चढू लागली, किंवा भाजीच्या भावाची झळ मजुरीत आणि खानावळीच्या दरात मुरू लागली, तर मात्र समिती स्वस्थ बसत नाही. २०१२ हे पायावर्ष धरलेल्या निर्देशांकात अन्न आणि पेये यांचा भार ४५.८६ टक्के होता, त्यामुळे लासलगावच्या कांद्याने आणि नारायणगावच्या टोमॅटोने देशाच्या पतधोरणाला अनेकदा कोड्यात टाकले आहे. हे कोडे न्यूझीलंडसारख्या देशाला, जिथून १९८९-९० च्या सुमारास महागाईचे उद्दिष्ट ठरवण्याची ही पद्धत सुरू झाली, आपल्याइतके पडत नाही.

भूमिका आणि मतदान

आता रेपो दराच्या आकड्याकडे यावे, आणि त्याच्या शेजारी लिहिलेली ‘भूमिका’ वाचावी. हा एखादा शब्द किंवा छोटा शब्दसमूह असतो, पण तो तोलून मापून लिहिलेला असतो. भूमिका ‘उदार’ असेल तर पुढच्या काळात दर एक तर कमी होतील किंवा आहेत तिथे राहतील. एप्रिल २०२५ मध्ये गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी या शब्दाचा अर्थ असाच उलगडून सांगितला होता. भूमिका ‘तटस्थ’ असेल तर दर दोन्ही बाजूंना जाऊ शकतो. जून २०२५ मध्ये समितीने अपेक्षेपेक्षा मोठी, म्हणजे अर्ध्या टक्क्याची, कपात केली आणि त्याच दमात भूमिका उदारवरून तटस्थ केली. कपात पाहून ज्यांनी पुढच्या बैठकीतही कपात गृहीत धरली त्यांची निराशा झाली, कारण ऑगस्ट आणि ऑक्टोबरमध्ये दर हलला नाही. ज्यांनी भूमिका वाचली होती त्यांना हे अनपेक्षित नव्हते. मात्र तटस्थ म्हणजे दार बंद, असाही अर्थ काढू नये; भूमिका तटस्थ असतानाच डिसेंबरमध्ये पाव टक्क्याची कपात झाली.

यानंतर मते कशी पडली ते पाहावे. जून आणि ऑगस्ट २०२४ मध्ये निर्णय चार विरुद्ध दोन असा झाला होता. आशिमा गोयल आणि जयंत वर्मा या बाहेरच्या सदस्यांना तेव्हाच दरकपात हवी होती. ऑक्टोबरमध्ये नवे सदस्य आले, भूमिका तटस्थ झाली, डिसेंबरमध्ये पुन्हा दोन सदस्यांनी कपातीच्या बाजूने मत दिले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये एकमताने पहिली कपात झाली. अल्पमतातली मते पुढच्या निर्णयाची चाहूल देतात, ती अशी. प्रत्येक सदस्याने आपल्या मताची कारणे स्वतः लिहिलेली असतात आणि ती बैठकीनंतर चौदाव्या दिवशी प्रसिद्ध होतात. सगळा कागद वाचणे झाले नाही तरी ज्यांनी वेगळे मत दिले त्यांची दोन पाने आवर्जून वाचावीत.

इथे थोडे विषयांतर करतो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख १९४३ ते १९४९ या काळात त्या पदावर होते. त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीत बँक दर, म्हणजे रिझर्व्ह बँकेचा त्या काळचा मुख्य व्याजदर, ३ टक्क्यांवरून तसूभरही हलला नाही. १९३५ च्या नोव्हेंबरात ठरलेला हा दर १९५१ च्या नोव्हेंबरातच बदलला. मधल्या काळात महायुद्ध झाले, फाळणी झाली, महागाईने लोकांचे कंबरडे मोडले. व्याजदर हे महागाईविरुद्धचे पहिले हत्यार आहे ही समजूत आज आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते, की एके काळी ते हत्यार सोळा वर्षे म्यानातच होते याचा विसर पडतो.

पैशाचा सुकाळ की दुष्काळ, हे तपासावे

रेपो दर कमी झाला, पण बँकांकडे कर्ज द्यायला पैसाच नसेल तर ती कपात कागदावर राहते. म्हणून निवेदनातला रोखतेचा, म्हणजे बँकांच्या हाती असलेल्या मोकळ्या पैशाचा, परिच्छेद सोडू नये. वर्तमानपत्रांत त्याला फारशी जागा मिळत नाही, हे दुर्दैव आहे.

रोख राखीव प्रमाण, म्हणजेच सीआरआर, हे यातले सर्वांत ठोक साधन. प्रत्येक बँकेला आपल्या ठेवींचा ठरावीक हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावा लागतो आणि त्यावर तिला एक पैसाही व्याज मिळत नाही. जून २०२५ मध्ये हे प्रमाण ४ वरून ३ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर झाले, सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात चार समान टप्प्यांत. आधी शंभर रुपयांच्या ठेवीतले चार रुपये बिनव्याजी पडून राहत, आता तीन. हा एक रुपया दिसायला लहान, पण देशभरच्या बँकांचा मिळून तो सुमारे अडीच लाख कोटी रुपये भरतो. करोनाच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्येही, असाच एक टक्का मोकळा केला होता आणि मे २०२२ मध्ये दरवाढीबरोबर अर्धा टक्का आवळला होता.

दुसरे साधन सरकारी रोख्यांच्या खुल्या खरेदी-विक्रीचे. रिझर्व्ह बँक बाजारातून रोखे विकत घेते तेव्हा विकणाऱ्या बँकेच्या खात्यात ती पैसे जमा करते. हे पैसे ती कुठून आणते, असा प्रश्न मला पुष्कळजण विचारतात. ती कुठूनच आणत नाही. खात्यातला आकडा वाढवते आणि तो पैसा त्या क्षणी निर्माण होतो. रोखे विकले की उलट घडते, पैसा नाहीसा होतो. हा अधिकार देशात फक्त तिचा आहे, आणि म्हणूनच तिच्या प्रत्येक शब्दाला एवढे वजन आहे. डिसेंबर २०२५ मध्ये कपातीबरोबरच तिने एक लाख कोटी रुपयांची रोखेखरेदी जाहीर केली, ती ही कपात बँकांच्या दरांपर्यंत झिरपावी म्हणून. कधी उलटही करावे लागते: मे २०२३ मध्ये दोन हजारांच्या नोटा चलनातून काढून घेण्याचे जाहीर झाले, बँकांत ठेवींचा लोंढा आला, आणि ऑगस्टमध्ये त्या काळात वाढलेल्या ठेवींवर दहा टक्के जादा सीआरआर तात्पुरता लावून हा पैसा बाजूला काढला गेला. रेपो दर तेव्हा बदलला नव्हता, तरी धोरण कडक झाले होते.

आता स्वतःच्या कर्जाचा कागद काढावा

इथपर्यंतचे वाचन देशाच्या अर्थव्यवस्थेविषयी होते. पुढचे काम कपाटातल्या फायलीचे आहे. कर्जमंजुरीचे पत्र काढा आणि व्याजदर कशाशी जोडला आहे ते वाचा. १ ऑक्टोबर २०१९ नंतर व्यापारी बँकांनी दिलेली बदलत्या दराची गृहकर्जे आणि इतर वैयक्तिक कर्जे एखाद्या बाह्य मानदंडाशी, बहुधा रेपो दराशी, जोडणे बंधनकारक आहे, आणि निदान तीन महिन्यांतून एकदा दर नव्याने ठरवावा लागतो. त्याआधीची कर्जे एमसीएलआरवर (एप्रिल २०१६ पासून) किंवा त्याहून जुन्या बेस रेटवर असू शकतात; हे दर बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते आणि ते रेपो दराच्या मागून रमतगमत येतात. गृहवित्त कंपन्या आणि सहकारी बँका यांना २०१९ चा हा नियम लागू नाही, आणि आपल्याकडच्या गावोगावच्या पतसंस्था तर रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालीच येत नाहीत. तिथले कर्ज असेल तर रेपो दराची बातमी ऐकून हप्ता उतरेल असे धरून चालू नये, थेट विचारावे.

रेपोशी जोडलेल्या कर्जाचे एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. समजा एप्रिल २०२२ मध्ये ३० लाख रुपयांचे कर्ज वीस वर्षांसाठी घेतले आणि बँकेने रेपो दरावर २.७५ टक्के अधिक लावले. रेपो तेव्हा ४ टक्के होता, म्हणून कर्जाचा दर ६.७५ टक्के आणि मासिक हप्ता सुमारे २२,८११ रुपये. वर्षभरात रेपो ६.५० झाला, कर्जाचा दर ९.२५ टक्के झाला. बँकेने ग्राहकाला न विचारता हप्ता तोच ठेवला आणि मुदत वाढवली, तर काय होते? मुद्दल साडेएकोणतीस लाख उरले आहे असे धरा. त्यावर एका महिन्याचे व्याज होते २२,७४० रुपये. हप्ता २२,८११. म्हणजे महिनाभर घाम गाळून भरलेल्या त्या हप्त्यातून कर्ज फिटते ते अवघे एकाहत्तर रुपयांचे. हप्ता बदललेला नाही म्हणून घरातले सगळे निर्धास्त असतात, आणि कर्ज निवृत्तीच्या वयाच्याही पलीकडे गेलेले असते.

असे प्रकार सर्रास झाले, म्हणूनच ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जे देणाऱ्या संस्थांना बजावले की दर बदलल्यावर त्याचा हप्त्यावर आणि मुदतीवर होणारा परिणाम ग्राहकाला कळवला पाहिजे; हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, याची निवड त्याला दिली पाहिजे; आणि किती मुद्दल फिटले, किती व्याज गेले, किती हप्ते उरले याचे विवरण दर तिमाहीला उपलब्ध करून दिले पाहिजे. हे विवरण मागून घ्या. त्यातला ‘उरलेले हप्ते’ हा आकडा मागच्या तिमाहीच्या आकड्याशी ताडून पाहा. तीन हप्ते भरल्यावर तो तीनने कमी झालेला नसेल तर बँकेत जाऊन विचारा.

दर उतरतात तेव्हाही निवड करायची असते. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलेल्या ३० लाखांच्या कर्जाचा हप्ता सुमारे २६,०३५ रुपये पडतो. दर सव्वाने उतरून ७.२५ टक्के झाला तर हप्ता २३,७११ रुपयांवर येऊ शकतो, दरमहा २,३२४ रुपये हाती राहतात. पण हप्ता जुनाच चालू ठेवला तर तेच कर्ज २४० महिन्यांऐवजी सुमारे १९८ महिन्यांत, म्हणजे साडेतीन वर्षे आधी, संपते. ज्यांच्या घरखर्चाची ओढाताण नाही त्यांनी दुसरा मार्ग धरावा असे मला ठामपणे वाटते. शिवाय वैयक्तिक बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकेला लावता येत नाही, त्यामुळे बोनसचे किंवा पीक विकून आलेले चार पैसे मधेच मुद्दलात भरणे सर्वांत लाभाचे.

आणखी एक गोष्ट पाहावी, ती रेपो दरावर बँकेने लावलेल्या अधिकच्या टक्क्यांची. नव्या ग्राहकाला बँक आज २.२५ टक्के अधिक लावत असेल आणि तुम्ही जुने म्हणून २.७५ मोजत असाल, तर रेपो कितीही उतरला तरी हा अर्धा टक्का तुमच्या खिशातून जातच राहतो. लेखी अर्ज करून तो कमी करून मागावा. नाही झाला तर कर्ज दुसऱ्या बँकेत नेण्याचा खर्च आणि वाचणारे व्याज यांचा हिशेब मांडावा.

ठेवीदारांनी काय पाहावे

चालू मुदत ठेवीचा दर मुदत संपेपर्यंत बदलत नाही. बदल लागू होतो तो नव्या आणि नूतनीकरणाच्या ठेवींना, आणि तिथेही कर्जाच्या मानाने उशिराने. हा उशीर ठेवीदाराच्या उपयोगाचा आहे. महागाईचा अंदाज खाली सरकू लागला आणि भूमिका उदार झाली, की पुढच्या काही महिन्यांत ठेवींचे दर उतरणार हे उघड असते. अशा वेळी लांब मुदतीची ठेव करून चालू दर बांधून घ्यावा. दर चढते असतील तेव्हा उलट, मुदत आखूड ठेवावी. वीस लाखांच्या ठेवीवर पाऊण टक्क्याचा फरक वर्षाला पंधरा हजार रुपयांचा होतो, आणि निवृत्त दांपत्याच्या औषधपाण्याचा कित्येक महिन्यांचा खर्च त्यातून निघतो. मात्र सगळी रक्कम एकाच तारखेला संपणाऱ्या ठेवीत अडकवू नये. समितीचे स्वतःचे अंदाजही चुकतात. २०२५-२६ च्या महागाईचा अंदाज आठ महिन्यांत निम्म्यावर आला, हे वर पाहिलेच.

रोख्यांत किंवा कर्जरोख्यांच्या म्युच्युअल फंडात पैसे असतील तर नाते उलटे चालते: व्याजदर उतरले की जुन्या, जास्त व्याजाच्या रोख्यांची किंमत वाढते. रुपयाचाही धागा इथेच आहे. जुलै २०१३ मध्ये रुपया घसरू लागला तेव्हा रिझर्व्ह बँकेने रेपो दराला हात न लावता निकडीच्या कर्जाची वरची रेषा १०.२५ टक्क्यांवर नेली आणि बाजारातला पैसा आवळला. मूल परदेशी शिकत असेल किंवा घरात परदेशातून पैसे येत असतील तर निवेदनातला विनिमय दराचा परिच्छेदही वाचून ठेवावा.

या सगळ्यासाठी एक साधी वही पुरते. प्रत्येक बैठकीनंतर तीत सहा नोंदी कराव्यात: रेपो दर, भूमिका, मतांची विभागणी, चालू वर्षाच्या महागाईचा अंदाज, सीआरआर आणि स्वतःच्या कर्जाचा किंवा ठेवीचा त्या दिवशीचा दर. महिन्याच्या बारा तारखेला राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय महागाईचा नवा आकडा जाहीर करते. तो खाली लिहावा. बैठकीनंतर चौदाव्या दिवशी इतिवृत्त आले की वेगळे मत देणाऱ्या सदस्याचे कारण एका ओळीत टिपावे. पहिली दोन-तीन पाने नुसते आकडे वाटतात. चौथ्या-पाचव्या बैठकीनंतर मागे उलटून पाहिले, की आपल्या बँकेने कपात किती दिवसांनी दिली आणि वाढ किती दिवसांनी लावली, याच्या दोन तारखा शेजारी शेजारी दिसतात, आणि शाखाधिकाऱ्यांशी बोलायला जाताना हीच वही हाती असावी.